आठ बाय बारा

मोलेच्या नाक्यावर, चेकपोस्टपाशी,
बशीत ओतून चहा प्यालो तेव्हा अंधार होता.
मग धाकू झोरे पुढं आणि मी मागं,
पाठीवर उसनी लेन्स,
मडगावच्या मेव्हण्याची.
ओरखडा पडला तर बहिणीला ऐकून घ्यावं लागेल, अशी.

एरवी मी फोंड्यात लग्नांचे फोटो काढतो.
नवरदेव, मान जरा डावीकडं.
मामी, जरा आत या. हनुवटी खाली. हसा.
इथं कुणाला सांगू, जरा आत सरका म्हणून?
डोंगर तर दोन्ही बाजूंनी
चौकटीबाहेर चालले होते.

कड्यावर पोचलो.
दरी धुक्यानं काठोकाठ, पेजेच्या मडक्यासारखी,
आणि साय फोडून वर आलेले माथे
एकामागं एक,
मागचा प्रत्येक जरा अधिक फिका,
जुन्या ग्रुप फोटोतल्या
शेवटच्या रांगेसारखा, ज्यांची नावं आता कुणी सांगत नाही.

अठरावर घेतलं. डोंगरांच्या टेकड्या झाल्या.
दोनशेवर घेतलं. डोंगर गेले, झाडं उरली.
सात फोटो जोडून एक लांबलचक केला,
तो इस्त्री केलेल्या चादरीसारखा निघाला.
सगळं होतं त्यात.
कड्याशी उभं राहिल्यावर
गुडघ्यात जे लवतं, तेवढं नव्हतं.

धाकू विडी न पेटवता ओठात धरून बसलेला.
रानात विस्तव नाही, हा त्याच्या बापाचा नियम,
खात्याच्या पाटीहून जुना.

तेवढ्यात पलीकडच्या घाटातून मालगाडी आली.
आधी आवाज. गाडी बऱ्याच वेळानं,
बोगद्यातून पैसा किडा निघावा तशी,
सरपटत, न संपता,
आणि ती एवढीशी दिसली तेव्हा कुठं कळलं
केवढ्यासमोर बसून आपण
केळ्याची सालं पिशवीत भरतोय.
तो फोटो मी काढला नाही.
का, ते अजून सांगता येत नाही.

‘दाखव बघू,’ धाकू म्हणाला.
इतक्या फेऱ्यांत पहिल्यांदाच.
रेशनच्या यादीत नाव शोधावं
तसा तो पडद्यावर वाकला.
‘मोठं कर.’
केलं.
‘आणखी. उजवीकडं. खाली.
त्या माट्टीच्या पल्याड.’
माट्टी विरघळली, रान विरघळलं,
नुसते चौकोन राहिले,
हिरवे, करडे, एक तांबूस.
त्यानं त्यावर नख टेकवलं.

‘हांगा.’

‘गोठा हांगा. दाराची पायरी हांगा.
म्हारळ म्हैस हांगा व्याली,
पावसात, बा चुडती धरून उभा.’
मग पुष्कळ वेळ काही नाही.
‘म्हशी आधी उतरवल्या,
मागनं आम्ही.’

मी मान वर करून खऱ्या दरीत पाहिलं.
धुकं उसवत होतं. रान.
कुठं तरी धनेशाचे पंख, करवत ओढल्यासारखे.
पुन्हा पडद्यावर पाहिलं,
तांबूस चौकोन तिथंच होता,
नखाएवढा.

महिन्यानं तो दुकानात आला.
केवढा काढू, विचारलं.
भिंतीवरच्या नमुन्यांवरून नजर फिरवून
‘आठ बाय बारा’ म्हणाला.
मी सांगितलं, एवढ्यात ती जागा
तिळाएवढीही येणार नाही.
‘येऊ दे.’

लॅमिनेशनचं मशीन तापत ठेवलं होतं.
‘प्लास्टिक नको,’ म्हणाला,
‘बोट लावायचंय.’

पैसे नको म्हटलं तर रागावला.
काउंटरवर दोनशे ठेवले, सुटे परत मागून घेतले,
आणि पिशवीत, लसणीच्या जुडीवर,
सगळी दरी आडवी ठेवून
पाचच्या बसनं गेला.